‘साहेबांची वाट’ हे बटण मागून घ्यावं लागलं

भोसरीत माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी (मिलिंगची उभी मशिनं), दोन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. दिवाळीनंतर सहाही मशिनना प्रॉडक्शन मोजणारी यंत्रणा बसवून घेतली. मशिनमागे १४,००० रुपयांची डबी आणि महिन्याला ७०० रुपये वर्गणी, जीएसटी वेगळा. कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि त्यांचा सर्व्हिसचा मुलगा फोन केला की येतो बिचारा.

नव्या चार मशिनच्या कंट्रोलरला नेटवर्कची केबल जोडता येते. सायकल, म्हणजे एका पीसचं काम, कधी सुरू झाली, कधी संपली, कोणता अलार्म आला, सगळं थेट मोबाईलवर. दोन जुन्या लेथना तो पोर्टच नाही. तिथे स्पिंडल (मशिनचा फिरणारा मुख्य दांडा) मोटरच्या वायरवर सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर, अडकवलाय. करंट वाढला की मशिन चालू, एवढाच त्याचा हिशोब. सकाळी स्पिंडल गरम व्हावा म्हणून पंधरा मिनिटं नुसता फिरवतात, ते डबीच्या लेखी काम! विकताना हे कुणी बोललं नव्हतं.

मशिन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की टॅबवर कारण विचारतात: मटेरियल नाही, सेटिंग (पुढच्या कामासाठी मशिन लावणं), इन्सर्ट (कापणारी टिकली) बदल, लाइट गेली, इतर. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट उघडला तर निम्मा वेळ ‘इतर’मध्ये. मी ऑपरेटरांवर चिडलो. आमचे सेटर मामा, वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, शांतपणे म्हणाले, “साहेब, आमचं कारण त्यात नाहीच. पहिला पीस काढून ठेवतो, तुम्ही मोजून सही करेपर्यंत मशिन उभं. तुम्ही असता बँकेत, आणि भोक मोजायचा बोअर गेज तुमच्या ड्रॉवरमध्ये कुलपात.”

सर्व्हिसच्या मुलाकडून नवीन बटण टाकून घेतलं. नाव मामांनीच सांगितलं, ‘साहेबांची वाट’. पुढच्या महिन्यात सेटिंगखालोखाल तेच. गेज आता शॉपफ्लोअरवर असतो आणि सही मामा करतात. पैसे वसूल झाले असतील तर इथेच.

ओईईचा, म्हणजे मशिनची उपलब्धता, परफॉर्मन्स आणि क्वालिटी यांच्या गुणाकाराचा, आकडा मात्र यंत्रणा नीट काढते. एका फ्लँजचा दिवस सांगतो. जेवण-चहा वजा जाता शिफ्टची ४३० मिनिटं. मशिन ११२ मिनिटं उभं, म्हणजे उपलब्धता ७४ टक्के. लोडिंग धरून पीसला दोन मिनिटं. उरलेल्या ३१८ मिनिटांत १५९ व्हायला हवे होते, झाले १४२, म्हणजे परफॉर्मन्स ८९ टक्के. त्यात चार रिजेक्ट, क्वालिटी ९७. तिन्हींचा गुणाकार ६४. रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहिलं होतं, ‘काम व्यवस्थित चालू’.

डेमो द्यायला आलेल्या साहेबांनी ओईईची ८५ टक्क्यांची रेघ दाखवली होती. ही मोजणी रूढ केली जपानच्या सेइची नाकाजिमांनी आणि ८५ चा दाखलाही त्यांच्याच नावावर सांगतात. ठीक आहे. पण दिवसाला तीन सेटिंग बदलणाऱ्या जॉबवर्कवाल्याने ती रेघ भिंतीवर लावून पोरांना बोलू नये. आणि आकडा वाढवणं अवघड नाही. सायकल टाइम सैल भरा, परफॉर्मन्स शंभराच्या वर जातो. एका व्हीएमसीवर १०८ दिसला तेव्हा पेढे वाटायच्या बेतात होतो. प्रोग्रॅम सुधारला होता, यंत्रणेत वेळ जुनीच होती.

आता खरी तक्रार. ‘कॉस्टिंग’ नावाचा भाग वर्षाला वेगळे पैसे घेऊन देतात. घेऊ नका. माझ्या एका मशिनचा हप्ता, पगार, वीज, भाडं, टूलिंग मिळून महिन्याचा खर्च १,४४,००० रुपये. दोन शिफ्टचे उपलब्ध तास साधारण ३६०, म्हणून तासाला ४००. प्रत्यक्ष काम २४० तास झालं तर तोच दर ६००. दोन्ही बरोबर, पण एकावेळी एकच धरायचा. ४०० धरला तर थांबलेला वेळ वेगळा लावा, ६०० धरला तर तो आत आलेला आहे. यांनी ६०० धरून थांबलेला वेळ वरून पुन्हा लावला आणि दर पोचला ९०० वर. त्याच आकड्यावर मी एका एन्क्वायरीला कोटेशन पाठवलं. ऑर्डर शेजारच्या गाळ्यात गेली, आणि तो रोज माझ्याच टपरीवर चहा पितो.

तक्रार केली तर उत्तर आलं, ‘लॉजिक स्टँडर्ड आहे’. तीन वेळा फोन केला, मग सोडून दिलं. दर मी पूर्वीसारखा वहीत काढतो, मिनिटं तेवढी त्यांच्या रिपोर्टमधून उचलतो.

वर्गणी संपली तेव्हा चार मशिनची भरली, जुन्या दोन लेथच्या डब्या काढल्या. तिथे मामांचा खडू आणि फळा पुरतो. पाचपैकी साडेतीन. कॉस्टिंगचे पैसे परत दिले तर चार करीन.