बेबी ऑइल केसांना: कामाचं, पण थेंबांच्या हिशोबात

बाटलीमागची छोटी अक्षरं आधी वाचा. बहुतेक बेबी ऑइल म्हणजे मिनरल ऑइल, म्हणजेच लिक्विड पॅराफिन, आणि थोडा सुगंध. हे तेल केसात मुरत नाही, वरून थर धरतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, म्हणून न्हाण्याआधीच्या मालिशला खोबरेलच बरं. बेबी ऑइलचं काम न्हाण्यानंतरचं: केसातली ओल टिकवणं.

म्हणूनच कोरड्या केसांवर ते वाया जातं, नुसता तेलकटपणा उरतो. केस टॉवेलने टिपा, ओलसर असतानाच खांद्यापर्यंतच्या केसांना तीन-चार थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांकडे लावा. कमरेपर्यंतच्या दाट केसांना सात-आठ पुरे. मुळांना नको. तिथे थर साचतो, केस चपटे बसतात, धूळ चिकटते. एप्रिल-मे मधल्या सांगलीच्या कोरड्या उन्हात टोकं राठ होतात, तेव्हा याचा फरक खरोखर जाणवतो. पावसाळ्यात साताऱ्यात गरजच पडत नाही.

जत-आटपाडीकडे बोअरचं जड पाणी असेल तर साबणाने हा थर निघत नाही, उलट चिकट साका बसतो. शॅम्पूच वापरा, लागला तर दोनदा.

तेल लावून स्ट्रेटनर अजिबात फिरवू नका, केस भाजतात. आणि नावात बेबी असलं तरी बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते पातळ तेल घोटताना फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं.