दात खाण्यावर बोटॉक्स: आधी युनिट सांगा, मग सुई टोचा

झोपेत दात खायची खोड आहे म्हणून मी गालात बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला करणारं इंजेक्शन, घेतो. परवा त्यावरून क्लिनिकच्या काउंटरवर जोरदार भांडण झालं, म्हणून हे लिहायला बसलोय. बिलावर नुसतं 'बोटॉक्स प्रोसिजर 22,000'. किती युनिट दिले, कुठल्या कंपनीचं, बॅच नंबर काय, काही नाही. मी लातूरला आडतीवर हिशेब बघतो. तुरीच्या चार कट्ट्यांची पट्टी केली तरी वजन, भाव, हमाली, तोलाई वेगळी लिहितो. इथं एवढ्या पैशाचा माल माझ्या गालात गेला आणि मापच नाही! विचारलं तर काउंटरवरची पोरगी म्हणते, "सर, ते पॅकेज आहे."

ज्यांना झोपेत दात आवळायची खोड आहे त्यांना लक्षणं काय सांगायची? सकाळी कानशिलं ठणकायची, दाढेची कॅप फुटली, कराकरा आवाजानं पलीकडच्या खोलीत आई जागी व्हायची. तिचं निदान पक्कं होतं: जंत झालेत. पन्नाशीला आलेल्या माणसाला तिनं जंताची गोळी खायला लावली.

पहिला डोस छत्रपती संभाजीनगरला घेतला. डॉक्टरांनी दात करकचून आवळायला सांगितले, गालाचा फुगलेला स्नायू बोटानं चाचपला, पेनानं ठिपके काढले आणि दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस युनिट दिले. बाटली माझ्यासमोर फोडली, स्टिकर केसपेपरवर चिकटवलं. मुंगी चावावी एवढंच दुखलं. त्याच दिवशी फरक शोधू नका. हे औषध मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, सुटू देत नाही, म्हणून आवळायचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. पण असर चढायला आठवडा-पंधरा दिवस जातात. त्यानंतर मात्र कानशिलं गप्प. सकाळी डोकं जड नाही, चिडचिड नाही. बायको म्हणाली, आता बोलायच्या लायकीचे झालात. तेव्हा लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मग हुरड्याचा सीझन आला. शेतात सगळे आगटीभोवती बसून मूठ-मूठ तोंडात टाकतायत आणि माझा जबडा थोडं चावलं की थकतोय. दुखत नाही, नुसता दमतो. उसाचं कांडं हातात धरून बघत बसलो. कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तर भाचा विचारतो, "मामा, कवळी बसवली का?" औषध कामच तसं करतं, तक्रार नाही, पण ज्वारी खाणाऱ्या मुलखात हे आधी सांगायला पाहिजे. महिना-दीड महिन्यात चावण्याला पुन्हा जोर आला आणि कानशिलं तरी शांतच राहिली. म्हणून हुरड्याचे कापलेले मार्क परत दिले.

दुसऱ्या वेळेला जायचं-यायचं भाडं वाचावं म्हणून जवळचं क्लिनिक धरलं. तिथं सिरिंज आतूनच भरून आली. हसू एका बाजूला ओढल्यासारखं झालं. सुई पुढं सरकली की हसण्याचा स्नायू सापडतो म्हणतात. ते उतरलं, सोडून दिलं. पण असर साधारण तीन-चार महिने टिकायला पाहिजे, तो दोन महिन्यांतच गेला. कामून? हे तपासायला माझ्याकडं कागदच नाही.

युनिटवर मी एवढा का अडलोय, ते ऐका. बाटलीच्या तळाला दिसेल न दिसेल असा कोरडा थर असतो. त्यात सलाईन घालून औषध करतात. सलाईन जास्त घातलं की सिरिंज भरलेली दिसते, औषध तेवढंच. शिवाय बोटॉक्सचं एक युनिट म्हणजे डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या तसल्याच औषधाचं एक युनिट नव्हे, दोन्हींचं माप वेगळं. ठेवायचं 2 ते 8 अंशांत, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाईट कधी जाईल नेम नाही. म्हणून युनिट, कंपनी, बॅच आणि एक्स्पायरी लिहून मागा. द्यायला कां-कूं करत असतील तर उठा.

विम्याचं विचारू नका. सौंदर्याचा उपचार म्हणून क्लेम फेटाळला. अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता 1989 मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मिळाली, 2010 मध्ये जुनाट मायग्रेनसाठी. दात खाण्यासाठी तशी वेगळी मान्यता नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. माझ्या कानशिलांना सौंदर्याचं काय पडलंय, हे मी तीन पानी पत्रात कळवलंय. उत्तर नाही.

आता मत थोडं बदललंय. इंजेक्शननं खोड जात नाही, जोर जातो. रात्री दात आवळले जातातच, फक्त कॅप फोडण्याएवढी ताकद राहत नाही. असर उतरल्यावर ड्रॉवरमधला नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचा साचा, काढला. दात त्यानं वाचतात, कानशिलं वाचत नाहीत. त्यामुळं दोन्ही लागणार. गर्भवतींनी आणि मायस्थेनिया (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. वर्षानुवर्षं घेत राहिलं तर जबड्याचं हाड विरळ होतं का, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, म्हणून मी वर्षाला दोनच्या वर घेणार नाही.

क्लिनिकनं काल फोन करून 'टच-अप फ्री' देऊ म्हटलं. नको म्हणालो. लवकर-लवकर घेतलं तर शरीर औषधाला दाद देईनासं होऊ शकतं, आणि फुकटातलं किती युनिट असणार तेही माहीत नाही. पुढचा डोस संभाजीनगरलाच, तोही येळवस आणि हुरडा उरकल्यावर. तोवर गार्ड.