ग्रेट ओशन रोडवर भाड्याची कॅम्परव्हॅन: गाडीला चार तारे, काउंटरला दोन

मुलगा मेलबर्नला असतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या रस्त्यावर फिरायला खरं तर गाडी घरचीच मिळाली असती. पण ह्यांच्या डोक्यात कॅम्परव्हॅनच होती. मग घेतली भाड्याने: उंच छपराची टोयोटा हायएस, मध्ये टेबल, रात्री त्याच टेबलाचा पलंग, आणि मागचं दार वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. कंपनीचं नाव लिहीत नाही. मुलगा म्हणतो, तुझ्या निम्म्या तक्रारी या धंद्यात सगळीकडे लागू पडतात.

आधी काउंटर. नेटवर दिसतं ते नुसतं गाडीचं भाडं. तिथे गेलं की विम्याचं पुराण सुरू होतं. साधा विमा घेतला तर अपघातात पहिले काही हजार डॉलर आपल्या खिशातून, आणि तेवढी रक्कम बॉण्ड, म्हणजे अनामत म्हणून कार्डावर अडकून पडते. ती कमी करायची तर रोजचे जादा पैसे भरा. एवढं भरूनही छपराला लागलं, खालून घासलं किंवा डांबर सोडून कच्च्या रस्त्यावर नेली, तर विमा हात वर करणार. अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवायची नाही, हेही आमच्या करारात होतं. कांगारू आणि वॉलबी (त्यांची छोटी भावंडं) तिन्हीसांजेलाच रस्त्यावर येतात, म्हणून ते कलम मला पटलं. बाकीचं काउंटरवरचं पोरगं पाठ केल्यासारखं भराभर म्हणत होतं. माझं आयुष्य बँकेत गेलंय. मी प्रत्येक पान वाचलं, मागची रांग चुळबुळली तर चुळबुळू दे म्हटलं.

टोलचंही तसंच. मेलबर्नच्या सिटीलिंक या टोलच्या रस्त्यावर टोलनाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो. बिल जातं गाडीमालकाकडे आणि तो त्यावर स्वतःचं शुल्क चढवतो. आमच्या करारात ते शुल्क टोलपेक्षा जड होतं. विमानतळाकडच्या डेपोतून गाडी घेणार असाल तर नकाशात ‘टोल टाळा’ निवडा. वेस्टर्न रिंग रोडवरून जीलाँगकडे फुकट जाता येतं. ग्रेट ओशन रोडवर एकेकाळी टोल होता, तो १९३६ साली उठला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी कुदळ-फावड्याने १९१९ ते १९३२ या काळात खोदलेला हा रस्ता आहे. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली फोटोसाठी झुंबड असते. बाजूचा सैनिकांचा पुतळाही बघावा.

आता गाडी. टॉर्कीकडून, म्हणजे रस्त्याच्या मेलबर्नकडच्या टोकापासून पश्चिमेला निघा, उलट नको. इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, म्हणजे समुद्र आपल्याच हाताला येतो आणि प्रत्येक व्ह्यू पॉइंटला समोरची रांग न ओलांडता गाडी आत घेता येते. लॉर्न ते अपोलो बे नुसती वळणं आहेत. हायएस तिथे कुरकुरत नाही, पण पळतही नाही. मागे गाड्या साठल्या की संथ वाहनांसाठी ठेवलेल्या जागेत डावीकडे घ्यायची आणि जाऊ द्यायचं. खणातली भांडी मात्र पहिल्याच वळणाला बोंब मारतात. प्रत्येक ताटलीमध्ये टॉवेल घाला.

ओटा मागे असणं कागदावर फार छान वाटतं. केप ऑटवेच्या पलीकडे दक्षिण महासागराचा वारा सुटतो तेव्हा खरी गंमत. दृश्यासाठी गाडीची पाठ समुद्राकडे करून आम्ही चहा ठेवला, तर ज्योत टिकेना. तोंड वाऱ्याकडे करून उभी केली, गाडीचाच आडोसा झाला आणि पोह्यांची फोडणीही नीट बसली. फोडणी बाहेरच होते हा या रचनेचा मोठा गुण. नाहीतर उशीला रात्रभर हिंगाचा वास.

पलंग दोघांना पुरतो, पण ज्याला रात्री उठावं लागतं त्याने दाराकडे झोपावं. सकाळी काचा आतून इतक्या घामेजतात की पडदे ओले लागतात. छपराची खिडकी बोटभर उघडी ठेवली की निम्मं काम होतं. फ्रिज वेगळ्या बॅटरीवर चालतो आणि ती गाडी चालली की भरते. मायक्रोवेव्ह मात्र कॅराव्हॅन पार्कातल्या (अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागेतल्या) विजेच्या खांबाला वायर जोडल्याशिवाय ढिम्म.

आणि हो, कुठेही समुद्रकिनारी गाडी लावून झोपायचं, हे इन्स्टाग्रामवरचं खूळ डोक्यातून काढा. या रस्त्याच्या कडेला रात्री गाडीत झोपायला बंदी आहे, दंड होतो. कॅराव्हॅन पार्कात विजेची जागा घ्या: गरम पाणी, स्वच्छ संडास, सामायिक स्वयंपाकघर. आमच्या गाडीत संडास नव्हता आणि तो नव्हता हेच बरं. गावोगावच्या बागांत बटण दाबलं की तापणारे फुकट बार्बेक्यूचे तवे असतात. शाकाहारी असाल तर तव्यावर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, आधी तिथे कोणाचं काय भाजलंय सांगता येत नाही.

व्हॅनचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले पोर्ट कॅम्पबेलला. मेलबर्नहून येणाऱ्या दिवसभराच्या सहलीच्या बस दुपारी ‘ट्वेल्व्ह अपोस्टल्स’वर गर्दी करतात. आम्ही उजाडताच पोचलो तेव्हा कठड्याशी मोजकी माणसं होती. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे हे खांब नावाप्रमाणे बारा नाहीत. २००५ मध्ये एक पर्यटकांच्या डोळ्यांदेखत ढासळला. जवळच्या लॉक आर्ड गॉर्जमध्ये मला जास्त थांबावंसं वाटलं. १८७८ मध्ये त्या नावाचं जहाज इथे फुटलं, ५४ जणांपैकी दोघंच वाचले. खाली वाळूत उतरून वर पाहिलं की त्या वाचलेल्यांपैकी कोणी हे कडे चढलं असेल कसं, हेच डोक्यात येतं. हे वरून हाका मारत राहिले, चहाचं पाणी उकळलंय म्हणून.

केनेट रिव्हरला कोआला बघायला ग्रे रिव्हर रोडवर जाल तर डांबर संपतं तिथे गाडी थांबवा. चालत पुढे जा, विम्याची कलमं आठवत. आणि अपोलो बे सोडण्याआधी टाकी भरा.

परत देताना गाडी बाहेरून धुतलेली हवी, टाकी भरलेली हवी, आणि घेताना काढलेला चारही बाजूंचा व्हिडिओ मोबाइलमध्ये हवा. आमच्या उजव्या दारावरचा जुना ओरखडा त्यामुळेच बॉण्डमधून वळता झाला नाही. पुढच्या वेळी ओटा आत असलेली गाडी घ्यायची असं माझं मत आहे. भाडं जास्त पडतं म्हणून ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.