पोझिशन प्रीसेट की प्रत्येक क्यूत थेट आकडे?

कुडाळ-मालवणकडे जत्रा सुरू झाल्या की रोज नवं गाव, नवं देऊळ. ट्रिकसीनवाल्या (चमत्काराची दृश्यं दाखवणाऱ्या) दशावतारासाठी चार मूव्हिंग हेड (मोटरवर वळणारे दिवे) टांगले, तर पॅन-टिल्टचे (आडवं-उभं वळण्याचे) आकडे प्रत्येक क्यूत (लाइट कन्सोलवर साठवलेल्या प्रकाशाच्या एकेका बदलात) थेट रेकॉर्ड करायचे, की ‘बाकडं’, ‘गणपती’, ‘पडदा’ असे प्रीसेट (दिवा कुठे रोखायचा ते नाव देऊन साठवलेल्या जागा) बनवून क्यूत तेच वापरायचे?

थेट आकडे पटकन होतात. एकाच हॉलात एकच प्रयोग असेल तर खुशाल करा. पण काल ट्रस (दिवे टांगायचा सांगाडा) १५ फुटांवर होता आणि आज देवळासमोर १२ फूटच मिळाले, की बाकड्यावरचा झोत भलतीकडेच! ६० क्यू असतील तर ६० उघडून बसा, तोवर पेटीवाला सूर धरून मोकळा. प्रीसेट वापरला की क्यू आकडा नाही, प्रीसेटचा संदर्भ साठवते. ‘बाकडं’ एकदा नीट रोखून अपडेट केलं की त्यावरच्या सगळ्या क्यू सुधारतात.

मी प्रीसेटवालाच. फक्त एक खोड सांभाळा: प्रीसेट लावून वर एन्कोडर (कन्सोलवरचं आकडे बदलायचं चाक) जरासा फिरवला आणि क्यू सेव्ह केली, तर दुवा तुटून नुसता आकडाच बसतो. पुढच्या गावात नेमका तोच दिवा माडाच्या शेंड्याकडे बघत राहतो.