जर्मनीत पहिली खोली: वोनहाइम की वेगे?

अ‍ॅडमिशन झाली, ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दर महिन्याला ठरावीकच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरले, व्हिसाचा शिक्काही बसला, की पुढचा प्रश्न येतो: राहायचं कुठे? आखेन शहरात मी पहिलं वर्ष वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात काढलं. दुसरं वर्ष वेगेत, म्हणजे भागीदारीत राहायच्या फ्लॅटमध्ये, तिघा जर्मन विद्यार्थ्यांबरोबर. माझं मत स्पष्ट आहे. आधी वोनहाइम, बस्तान बसलं की वेगे. ज्यांचं जर्मन बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे सहज बोलता येण्याइतकं, झालंय, त्यांनी मात्र थेट वेगे शोधायला हरकत नाही.

कारण पहिले दोन महिने कागदपत्रांतच जातात. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद, आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. वोनहाइममध्ये तो मला चावीबरोबरच मिळाला. वेगेत, विशेषतः कुणाची दोन-तीन महिन्यांसाठी रिकामी झालेली खोली घेताना, ‘नोंदणी जमणार नाही’ असं सांगणारे भेटतात. अशी खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नोंदणीशिवाय टॅक्सचा नंबर येत नाही आणि रेसिडेन्स परमिटचं कामही अडून बसतं. शिवाय टपालपेटीवर आपलं नाव लावा. इथे फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो.

पैशांचं म्हणाल तर वोनहाइमचे माझे 310 युरो, त्यात हीटिंग, वीज, इंटरनेट सगळं आलं. वेगेच्या जाहिरातीत ‘काल्ट’ लिहिलंय की ‘वार्म’ ते आधी बघा. काल्टमध्ये हीटिंग आणि इतर खर्च धरलेले नसतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त घेता येत नाही. एका बाबतीत वेगे स्वस्त पडते: रेडिओ-टीव्हीची महिन्याची 18.36 युरो वर्गणी घरामागे एकदाच असते, ती आम्ही चौघांत वाटायचो. वोनहाइमच्या सामाईक कॉरिडॉरवरची प्रत्येक खोली वेगळं घर मानली जाते, त्यामुळे तिथे पूर्ण रक्कम मी एकट्याने भरली.

सोबतीला वोनहाइम उत्तम. रविवारी दुकानं बंद असतात हे विसरून पहिल्याच आठवड्यात मी उपाशी राहिलो असतो, पण मजल्यावरच्या नागपूरच्या ताईने दार वाजवून वरण-भात दिला. वेगेत तसं कुणी दार वाजवत नाही, आणि आत शिरण्याआधी मुलाखत होते: काय शिकतोस, स्वच्छतेचं वेळापत्रक पाळशील का, एकत्र जेवायला आवडतं का. पुण्यातून पाठवलेल्या मेलना मला एकही उत्तर आलं नव्हतं. इथे आल्यावर नवव्या मुलाखतीत खोली मिळाली.

तरीही वेगेत जा म्हणतो ते एका जानेवारीमुळे. मी आमटीला मोहरीची फोडणी दिली आणि फ्लॅटमधल्या मुलीने काही न बोलता खिडकी सताड उघडली. बाहेर शून्याखाली तापमान. तिला वास सहन होत नाही असं वाटून मी दोन दिवस ब्रेडवर काढले. तिसऱ्या दिवशी तिने काचेवरून बोट फिरवून ओघळणारं पाणी दाखवलं, मग खिडकीखालच्या कोपऱ्यातला काळा डाग. बुरशी. भिंत खराब झाली तर डिपॉझिटमधून कापतील. म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, याला लुफ्टन म्हणतात. वासाबद्दल तिची तक्रारच नव्हती. हे सगळं ती जर्मनमध्ये बोलली आणि मला दोन शब्द सोडले तर सगळं कळलं. वोनहाइममध्ये वर्षभर माझं मराठी, हिंदी आणि इंग्रजीवरच भागलं होतं.

वोनहाइमचा अर्ज अ‍ॅडमिशनचं पत्र येईल त्याच दिवशी टाका, प्रतीक्षा यादी लांब असते. नाहीच मिळालं आणि भारतातूनच वेगे ठरवावी लागली, तर नोंदणीचा प्रश्न पहिल्या मेलमध्येच विचारा. आणि ‘आधी पैसे पाठव, चावी कुरिअरने येईल’ म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका.