इसे की इझुमो? एकाच शिंतो देवस्थानाला वेळ असेल तर

जपानला जाणारी आपली बरीच मंडळी क्योटोच्या फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानींत फोटो काढतात आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान झालं म्हणून पुढे निघतात. एक दिवस जादा काढता येत असेल, तर तो इसे किंवा इझुमोला द्याच.

जायला इसे सोपं. नागोयाहून किंतेत्सु या खासगी रेल्वेची जलद गाडी साधारण दीड तासात पोचवते. आधी स्टेशनजवळचं गेकू (बाहेरचं देवस्थान), मग बसने नाइकू (आतलं देवस्थान), असा रिवाज आहे. नाइकू हे सूर्यदेवी अमातेरासूचं स्थान. इथलं मंदिर दर 20 वर्षांनी शेजारच्याच मोकळ्या जागेवर नव्याने उभारतात. मागचं 2013 साली झालं, पुढचं 2033 साली. उतरवलेलं लाकूडही पुन्हा कामी येतं: नाइकूत शिरतानाच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी जुन्या मंदिरांच्या खांबांतूनच घडवलेल्या आहेत. मात्र मुख्य मंदिर चार कुंपणांच्या आड असतं, आणि शेवटच्या पायऱ्यांपासून पुढे फोटोला मनाई. देव डोळे भरून पाहायची सवय असलेल्यांना हे जड जाईल. मला स्वतःला इसुझु नदीच्या दगडी घाटावर वाकून हात धुताना, समोर घनदाट झाडी असताना, काही कमी वाटलं नाही.

इझुमो ताइशा लांब आहे. ओकायामाहून याकुमो गाडीने तीन तास आणि पुढे बस, नाहीतर टोकियोहून रात्रीची सनराइज इझुमो. पण बघायला इथे जास्त मिळतं. 1744 सालचं मुख्य मंदिर 24 मीटर उंच आहे. आत प्रवेश नसला तरी त्याचं छप्पर कुंपणावरून चांगलं दिसतं. कागुरादेन या आवारातल्या सभागृहावरचा गवताचा दोर 13 मीटर लांब; त्याच्याखाली उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. इथला देव ओकुनिनुशी. बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला आपला महाकाल ‘दाइकोकू’ झाला आणि पुढे याच देवाशी एकरूप मानला गेला. नमस्कारात टाळ्या चार, इसेला दोनच.

पहिलाच जपान दौरा असेल तर मी इसे सुचवेन, तेही सकाळी लवकर. आईवडील सोबत असतील तर खडीवरून बरंच चालायचं आहे, हे धरून चला. दुसरी खेप असेल, किंवा नोव्हेंबरच्या सुमारास जात असाल, तर इझुमोच. चांद्र दहाव्या महिन्यात जपानभरचे देव तिथे जमतात, अशी श्रद्धा आहे.

शाकाहारी असाल तर इसेची आकाफुकु मोची, म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यावर गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण, बिनधास्त खा. इझुमोच्या सोबा नूडल्सबरोबरचा रस्सा मात्र बहुधा माशाचा असतो.