एन्झाइमचे पेशीतील स्थान शोधताना: सेंट्रिफ्यूज की सूक्ष्मदर्शक?

सामान्य फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील पेशी) आणि त्यांपासून विषाणूने रूपांतरित झालेल्या, कर्कपेशींसारख्या वागणाऱ्या पेशी यांची तुलना करताना, एन्झाइम नेमके कोठे आहे हे दोन मार्गांनी शोधता येते: पेशी फोडून तिचे घटक सेंट्रिफ्यूजने, म्हणजे वेगाने फिरवून, वेगवेगळ्या अंशांत वेगळे करावेत, किंवा ती अखंड ठेवून ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या, प्रकाशणाऱ्या रंगाने चिन्हांकित प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी.

पहिल्या मार्गाचे मोठे बळ म्हणजे त्यात एन्झाइमची क्रियाशीलता मोजता येते. प्रतिपिंड प्रथिनाची जागा दाखवतो, पण ते काम करते की नाही हे सांगत नाही. पेशीशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांना १९५५ च्या सुमारास लायसोसोमचा (पेशीतील पाचक एन्झाइमांच्या पिशवीचा) शोध लागला तो अशाच मोजमापांतून. मात्र तुलनेच्या प्रयोगात हाच मार्ग सर्वाधिक फसवतो, कारण पसरून घट्ट चिकटलेली सामान्य पेशी आणि गोलसर, सैल चिकटलेली रूपांतरित पेशी सारख्याच घर्षणाने सारख्या फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशी केंद्रकांबरोबर तळाशी बसतात आणि पेशीद्रवातील एन्झाइम केंद्रकात असल्याचा भास होतो. म्हणून लॅक्टेट डिहायड्रोजनेज (पेशीद्रवाची खूण), सक्सिनेट डिहायड्रोजनेज (मायटोकॉन्ड्रियाची) आणि ॲसिड फॉस्फटेज (लायसोसोमची) ही मार्कर एन्झाइमे दोन्ही पेशींत मोजावीत आणि सर्व अंशांतील क्रियाशीलतेची बेरीज फोडलेल्या पेशींच्या मूळ मिश्रणाशी ताडून पाहावी. ही बेरीज न देणाऱ्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही.

कॅथेप्सिन बी हे लायसोसोममधील एन्झाइम अनेक कर्कपेशींत केंद्रकाजवळून पेशीच्या कडेकडे सरकलेले दिसते. सेंट्रिफ्यूजला हा बदल कळतच नाही, कारण लायसोसोम कोठेही असला तरी एकाच अंशात येतो. तेथे सूक्ष्मदर्शकच हवा. उलट हेक्सोकायनेज २ हे ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया करणारे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य पटलावर आहे की आत, हे साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाच्या सुमारे २०० नॅनोमीटरच्या मर्यादेत ठरत नाही. आणि पेशी फोडल्यावर ग्लुकोज-६-फॉस्फेटमुळे ते पटलावरून सुटूनही जाऊ शकते. शिवाय सूक्ष्मदर्शकासाठी पेशींचे स्थिरीकरण (रसायनाने प्रथिने जागच्या जागी पक्की करणे) नीट झाले नाही, तर विद्राव्य एन्झाइमे धुऊन जातात.

क्रियाशीलतेची वाटणी हवी असेल तर सेंट्रिफ्यूज निवडावा, पेशीतील मांडणी किंवा पेशीपेशींमधील फरक हवा असेल तर सूक्ष्मदर्शक. कोणताही मार्ग घेतला तरी दोन्ही पेशी वाढीच्या एकाच टप्प्यावर घ्याव्यात: सामान्य पेशी थर पूर्ण झाल्यावर विभाजन थांबवतात, रूपांतरित पेशी थांबवत नाहीत, आणि केवळ त्या थांबण्यानेही एन्झाइमचे प्रमाण व जागा बदलू शकते.